न ओरडणारी बदकं

बदकं पाळणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. येऊ द्या. दोन महिने मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत होतो की आमची बदकं भारी शांत आहेत, आवाज म्हणून नाही.

कळमेश्वरकडे आमची संत्र्याची बाग आहे, कडेला शेततळं. पाणी आहेच तर काही जोडधंदा करावा, असं वर्षभर घोळत होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली. सिल्व्हर ॲपलयार्ड, दुर्मीळ विलायती बदक, वर्षाला अडीचशे अंडी, साडेतीन किलो वजन, अंडी आम्हीच परत विकत घेऊ.

गंमत म्हणजे जातीबद्दलचा एक शब्दही खोटा नव्हता. रेजिनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या इंग्रज बदकपालकानं 1930च्या दशकात सफोकमध्ये ही जात तयार केली. भरपूर अंडी, भरलेली छाती आणि देखणेपण, तिन्ही एकाच पक्ष्यात हवं म्हणून. नराचं डोकं हिरवं, गळ्यात पांढरी कडी, मादी चंदेरी अंगाची. अंडी वर्षाला 200 ते 270. रात्री जागून मी हे सगळं पडताळलं, जुळलं, आणि निर्धास्त झोपलो. ती जात या माणसाकडे आहे की नाही, हा प्रश्न त्या रात्री डोक्यातच आला नाही.

फोटो तर नीट बघायचा! हिरवंगार आखूड गवत, मागे दगडी कुंपण, कडेला कोणाचे तरी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे गवताची काडी दिसत नाही आणि हा गडी सांगत होता, फोटो माझ्याच फार्मवरचा, कालच काढला.

बोलायला मात्र लाघवी. "दादा, तुम्ही फक्त वाढवा. नागपुरात बंगाली लोकं किती हाय, बदकाचं अंडं त्यांना रोज लागते." पिल्लू साडेचारशेला, पन्नास पिल्लांचे साडेबावीस हजार. पंचेचाळीस माद्या, पाच नर, "सेक्सिंग करूनच देतो", म्हणजे नर-मादी ओळखून, वेगळे करून. दहा हजार आगाऊ मागितले. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच मोबाइल शॉपीचं. विचारलं तर म्हणे, भावाचं खातं हाय. मी बटण दाबलं.

पिल्लं जुलैत आली, पहाटे, गणेशपेठ बसस्थानकाच्या बाहेर, भोकं पाडलेल्या चार खोक्यांत. ज्यानं आणली तो नुसता पोचवणारा पोरगा. बाकीचे पैसे त्यानं रोख घेतले, एक पावती दिली, अंडी खरेदीचा करार दिला. पावतीवर काय लिहिलं होतं, ते जसंच्या तसं सांगतो: "पक्षी 50 नग". जात नाही, नर-मादी नाही. पोरगा गाडीला किक मारून उभा, खोक्यांत चिवचिवाट, मी सही केली.

खोकी उघडली तर पिल्लं गडद तपकिरी. ॲपलयार्डचं पिल्लू पिवळं असतं, डोक्यावर आणि पाठीवर काळसर पट्टा. हे मी वाचलं होतं! लगेच फोन केला. "पिसं बदलली की चंदेरी होते, दादा." मानलं. साडेबावीस हजार गेल्यावर माणूस काहीही मानतो.

चार पिल्लं पहिल्या पावसाळी रात्री गारठ्यानं गेली, तो दोष माझा. उरलेली सेहेचाळीस जोमानं वाढली. ऑगस्ट संपत आला तेव्हा निंदणाला येणारी मावशी शेडजवळ थांबली. तिचं माहेर भंडाऱ्याकडे, तळ्याच्या काठी, घरी बदकं होती.

"भाऊ, हे ओरडत काहून नाही?"

"शांत जात आहे मावशी, विलायती."

तिनं वाकून एक बदक उचललं, काखेत दाबलं. त्यानं घसा बसल्यासारखा खर्रर्र आवाज काढला. दुसरं उचललं, तेच. सातवं उचललं तेव्हा जे क्वॅक क्वॅक सुरू झालं ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "हे बदकीन," मावशी म्हणाली. "बाकी समदे बुवा हाय तुमचे."

दीड-दोन महिन्यांनंतर आवाजावरून ओळखता येतं. मादी खणखणीत ओरडते, नराचा आवाज दबका आणि घोगरा. त्या संध्याकाळी आम्ही एकेक उचलून मोजले. त्रेचाळीस नर, तीन माद्या. पुढे नरांच्या शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीसही आलं, म्हणजे शंकेलाही जागा उरली नाही.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोन पक्षी घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी अंगाचा खाकी रंग आणि डोक्याची काशाच्या भांड्यासारखी झाक बघितली आणि म्हणाले, ॲपलयार्डचा काही संबंध नाही, हे खाकी कॅम्पबेल दिसतात. तीही इंग्लंडचीच जात, पण अंड्यांसाठी आपल्याकडे रुळलेली. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या केंद्र सरकारच्या केंद्रात ती पाळतात. चांगली मादी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. म्हणजे याच जातीच्या माद्या दिल्या असत्या तरी मी हूं की चूं केलं नसतं.

मग उलगडा झाला. अंड्यांसाठी पिल्लं काढली की निम्मे नर निघणारच. पहिल्याच दिवशी गुदद्वार तपासून नर वेगळे काढता येतात. अंडीवाल्याला ते नकोच असतात आणि ॲपलयार्डच्या मानानं अंग हलकं म्हणून मांसवालाही भाव देत नाही. असा टाकाऊ माल कुठूनतरी उचलायचा, वर दुर्मीळ जातीचं नाव चिकटवायचं आणि माझ्यासारखा बघून खपवायचा. सेक्सिंग त्यानं केलंच होतं, फक्त उलट्या बाजूनं.

करारही तेव्हाच पहिल्यांदा पुरता वाचला. रोज वीस अंडी देणं बंधनकारक, सलग पंधरा दिवस कमी भरली तर करार आपोआप रद्द. तीन माद्यांच्या जिवावर वीस अंडी!

फोन अर्थातच बंद. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या केली असती तर खातं गोठवायला वाव होता, दोन महिन्यांनी खात्यात काय उरणार? ठाण्यात साहेबांनी पावती उलटसुलट बघितली. "पन्नास नग लिहिलंय, पन्नास मिळाले ना तुम्हाला?" अर्ज घेतला, पण ते वाक्य अजून कानात आहे.

कोणी अशी पिल्लं घेत असेल तर पावतीवर जात, वय आणि नर-माद्यांचा आकडा लिहून घ्या. जमलं तर दोन महिन्यांचेच पक्षी घ्या, आणि ते काखेत धरून ओरडवून घ्या. विकणारा हसला तरी चालेल. विलायतेतून आणलेत म्हणणाऱ्याला आयातीचा परवाना आणि विलगीकरणाचे कागद मागा. जिवंत पक्षी परदेशातून कोणी पिशवीत घालून आणू शकत नाही.

नर शेवटी नगावर विकले, अडीचशेनं. खाद्याचे सोळा हजार धरले तर हिशेब न केलेला बरा. तीन माद्या ठेवल्या. डिसेंबरपासून अंडी देतात, भल्या पहाटे, आणि त्यांच्या ओरडण्यानं अख्खी वस्ती जागी होते.

परवा भाच्यानं एक जाहिरात पाठवली, मामा घेऊ का म्हणून. नाव नवं, नंबर नवा. दगडी कुंपण तेच, रबरी बूट तेच. भाव तेवढा साडेचारशेचा सहाशे झालाय.