मौन रिट्रीट की स्तुती-प्रवचनांचं शिबिर? भगिनींसाठी तुलना

रिट्रीट म्हणजे प्रार्थनेसाठी रोजच्या कामांपासून दूर काढलेले काही दिवस. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या पद्धतीची मौन रिट्रीट मुळात 30 दिवसांची. घर-नोकरी सांभाळणाऱ्यांसाठी 8 दिवसांची. रोज तासाभराच्या चार-पाच प्रार्थना, मार्गदर्शकाशी थोडा वेळ बोलणं, बाकी मौन. पहिल्या दोन दिवसांत झोप अनावर होते. ती खुशाल घ्यावी, साठलेला थकवाच बाहेर पडत असतो. बायबल आणि वही न्या, फोन मात्र बंद करून जमा करा. ‘फक्त मुलांची चौकशी’ म्हणून जवळ ठेवलेला फोनच मौन मोडतो.

केरळमधल्या मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरचं शिबिर रविवार ते शुक्रवार चालतं: प्रवचनं, स्तुतिगीतं, आराधना, समुपदेशन. सोबत भरपूर, निवांतपणा कमी. नुकतंच घरातलं माणूस गेलं असेल, तर लांबलचक मौन अंगावर येतं. अशा वेळी आधी शिबिरच निवडावं.