शतावरी, अश्वगंधा आणि जवस: आठ महिने घेतल्यावर

वय ४९, राहणार सोलापूर. पाळी थांबून वर्ष होत आलं आणि अंगातून वाफा सुरू झाल्या. छातीतून निघालेली आग कानापर्यंत चढायची, मग घाम, मग हुडहुडी. ऐन डिसेंबरात पहाटे तीनला मी पंखा लावायचे आणि नवरा गोधडी शोधायचा.

वन्संनी शतावरी कल्पाचा डबा आणून दिला. दुकानदाराने अश्वगंधाच्या गोळ्या जोडीला दिल्या. जवस घरात होतंच. एक बरं केलं, वाफ आली की कालनिर्णयवर त्या तारखेला पेन्सिलीने एक रेघ ओढत गेले.

कल्प दोन चमचे, कोमट दुधातून, दोन वेळा. चवीला फार छान. का छान, ते डब्यामागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं: निम्म्याहून जास्त साखरच! दिवसाच्या आठ रेघा तीन महिन्यांत पाचावर आल्या. ‘गुण आला,’ असं सगळे म्हणाले. मग मार्चमध्ये भाचीच्या लग्नाला वीस दिवस माहेरी गेले, डबा घरीच राहिला. रेघा पाचच. परत सुरू केला, तरी पाचच. (एप्रिल-मेच्या रेघा मी धरत नाही. पारा ४२ वर गेल्यावर वाफ कुठली आणि ऊन कुठलं, सांगता येत नाही.) डॉक्टर म्हणाल्या, वाफा काळाबरोबर आपसूक कमी होतात, चाचण्यांमध्ये औषध नसलेली गोळी दिलेल्या बायकांनाही बराच फरक वाटतो.

अश्वगंधाने झोप लागली, हे खरं. पण मला अकरा वर्षं थायरॉइडची गोळी आहे. जूनमध्ये छाती धडधडायला लागली, हात थरथरू लागले. टीएसएच (रक्तातली थायरॉइडची तपासणी, अंगात थायरॉइड जास्त झालं की हा आकडा उतरतो) २.६ वरून ०.२ वर, गोळीचा डोस तोच. डॉक्टरांनी विचारलं, “नवीन काय घेताय?” मी म्हटलं, “काही नाही.” जडीबुटी औषधात मोजायची असते हे डोक्यातच आलं नव्हतं. अश्वगंधाने थायरॉइडची पातळी वाढू शकते, काहींच्या यकृतालाही त्रास झाल्याची नोंद आहे. त्याच दिवशी बंद केली. टीएसएच जागेवर आलं, झोप मात्र पुन्हा गेली.

जवसाने वाफांवर काडीचाही फरक नाही. पण लसूण-तिखट घालून कुटलेली चटणी भाकरीबरोबर रोज दोन चमचे खाल्ली की पोट साफ. कुटूनच खा, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. हे एवढं कायम ठेवलंय.

आणि खालच्या कोरडेपणावर यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. आठ महिने लाजेने बोलले नाही. शेवटी डॉक्टरांनी तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं, काही आठवड्यांत आराम पडला.

कल्पाचा दुसरा डबा अर्धा शिल्लक आहे. वन्सं फोनवर विचारतात, मी ‘चालू आहे’ म्हणते.