रंग पाहून गाडी अडवली जाऊ नये म्हणून टाऊन कौन्सिलकडे कोणता नियम मागावा?

अमेरिकेत सामान्य माणसाचा पोलिसांशी संबंध येतो तो बहुतेक वेळा रस्त्यावर, गाडी अडवली जाते तेव्हा. कोणाला थांबवायचं हे पोलीस काही सेकंदांत ठरवतो. त्या सेकंदांत चालकाचा रंग हिशेबात धरला गेला, तर पुढची झडती, दंड, अटक सगळं त्याच नजरेतून येतं. २०२१ मध्ये मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर इथे डाँटे राइट हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. गाडी अडवताना पुढे आलेली कारणं होती नोंदणीचं मुदत संपलेलं स्टिकर आणि आरशाला टांगलेला एअर फ्रेशनर.

तेव्हापासून अनेक गावांत हा प्रश्न कौन्सिलच्या बैठकीत येतो. बहुतेक ठिकाणी नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही तिथे बोलता येतं, पण वेळ मिळतो दोन-तीन मिनिटं. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने त्या तीन मिनिटांत काय मागावं? प्रशिक्षण, पोलिसांच्या अंगावरचे बॉडी कॅमेरे, अडवलेल्या गाड्यांच्या नोंदी, किरकोळ कारणांसाठी अडवण्यावर बंदी, झडतीवर मर्यादा, की वेगाचे कॅमेरे? सगळं एकदम मिळत नाही, आणि सगळ्यांचा उपयोगही सारखा नाही.

आधी एक कायदेशीर अडचण समजून घ्यायला हवी. १९९६ च्या 'रेन विरुद्ध अमेरिका' खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल तर अडवण्यामागचा पोलिसाचा मनातला हेतू चौथ्या घटनादुरुस्तीखाली (गैरवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणारं कलम) तपासला जाणार नाही. त्या प्रकरणात राजधानी वॉशिंग्टनमध्ये एक गाडी स्टॉपच्या पाटीपाशी वीस सेकंदांहून जास्त उभी राहिली आणि मग सिग्नल न देता वळली. अडवणारे पोलीस साध्या वेशातले, अमली पदार्थांच्या मागावरचे. वाहतूक हे त्यांचं काम नव्हतंच. तरीही अडवणं वैध ठरलं. चार-पाच मैल गाडी चालवली की कुठला ना कुठला बारीक नियम मोडतोच. म्हणजे निमित्त कायम हाताशी असतं. वंशभेदाची स्वतंत्र तक्रार करायला राज्यघटनेतलं समतेचं कलम आहे, पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, आणि एका माणसाला एका घटनेवरून ते जवळजवळ अशक्य आहे. म्हणून जे काही मागायचं ते राज्याच्या कायद्यात किंवा गावाच्या नियमात मागावं लागतं.

प्रशिक्षण आणि बॉडी कॅमेरे

या दोन मागण्या सर्वात लवकर मान्य होतात, कारण कोणाचे हात बांधले जात नाहीत. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१८ पासून सुप्त पूर्वग्रहांबद्दलचं प्रशिक्षण दिलं. २०२० मध्ये आलेल्या मूल्यमापनात दिसलं, की पोलिसांना विषय कळला, पण रस्त्यावरच्या कारवाईतली वांशिक तफावत त्यामुळे घटल्याचं आढळलं नाही. वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांहून जास्त पोलिसांवर बॉडी कॅमेऱ्यांचा नीट प्रयोग झाला. काहींना कॅमेरे दिले, काहींना दिले नाहीत. २०१७ च्या निष्कर्षांत बळाचा वापर आणि तक्रारी यांत मोजता येईल असा फरक निघाला नाही.

कॅमेरा निरुपयोगी नाही. पण त्याला एखादा नियम जोडलेला असेल तरच तो काम करतो. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२२ मध्ये असा नियम केला, की निमित्त काढून गाडी अडवायची असेल तर नुसता अंदाज पुरत नाही, नेमकी माहिती हवी, आणि ती कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवायची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून पोलिसाने प्रश्न विचारण्याआधीच अडवण्याचं कारण सांगायचं असतं. सूट आहे ती जिवाला किंवा मालमत्तेला तातडीचा धोका असेल तेव्हाच. "तुला का थांबवलं, माहीत आहे का?" या प्रश्नातून चालकाकडूनच कबुली काढायची सवय तिथे कायद्याने बंद झाली. तुमच्या गावात कॅमेरे आधीच असतील तर हे एक वाक्य मागायला फारसा खर्च नाही.

नोंदी: किती रकाने, आणि कोण भरणार

नोंदींशिवाय बाकीचं काहीच सिद्ध करता येत नाही, म्हणून या मागणीवर वेळ घालवावा. नॉर्थ कॅरोलायनाने १९९९ मध्ये राज्यपातळीवर अशा नोंदी सक्तीच्या केल्या. आज बारकाईत आदर्श मानावा असा कायदा कॅलिफोर्नियाचा, २०१५ चा. त्यात पोलिसाने चालकाला वंश विचारायचा नसतो, स्वतःला जो वाटला तो लिहायचा असतो. हे बरोबरच आहे, कारण भेदभाव होतो तो पोलिसाला जे दिसलं त्यावरून. चालकाच्या कागदपत्रांत काय आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, नोंदीच्या त्या फॉर्ममध्ये मध्यपूर्वेतले किंवा दक्षिण आशियाई दिसणाऱ्यांसाठी वेगळा रकाना आहे. बऱ्याच राज्यांत आपण 'एशियन'मध्ये मिसळून जातो आणि आकड्यांतून नाहीसे होतो.

किमान हे रकाने मागावेत: तारीख, वेळ, ठिकाण, अडवण्याचं मूळ कारण, वाटलेला वंश, थांबवून ठेवलेली मिनिटं, झडती झाली का, कशाच्या आधारावर, संमती मागितली का, काय सापडलं, शेवट कशात झाला, आणि पोलिसाचा सांकेतिक क्रमांक. यातला 'काय सापडलं' हा रकाना वगळला जाण्याचा धोका सर्वात जास्त, आणि तोच सर्वात बोलका.

तो का, हे कल्पित आकड्यांनी पाहू. शंभर गोऱ्या चालकांच्या झडतीत तीस जणांकडे काही सापडलं, आणि शंभर कृष्णवर्णीयांच्या झडतीत वीस जणांकडे. म्हणजे कृष्णवर्णीयांची झडती कमी पुराव्यावर घेतली जाते, अशी दाट शक्यता आहे. शक्यता म्हणायचं कारण, नुसत्या या दरावरून कधी कधी फसगत होते. म्हणून स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सुमारे दहा कोटी स्टॉप, म्हणजे गाडी अडवल्याच्या घटना, तपासताना या दराच्या पुढे जाणारी चाचणी वापरली. २०२० मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांच्या झडतीसाठी संशयाची पातळी खालची निघाली.

अडवण्यातला भेद मोजायला गावाच्या लोकसंख्येशी तुलना करू नये. हायवेवरून जाणारे निम्मे लोक गावचे नसतात, आणि पोलीस खात्याचा चीफ पहिलाच आक्षेप हा घेतो. त्याऐवजी अंधाराची कसोटी मागावी. संध्याकाळचे सहा घ्या. जूनमध्ये उजेड असतो, डिसेंबरमध्ये अंधार. त्या वेळी रस्त्यावर असणारे लोक साधारण तेच, फरक एवढाच की अंधारात चालकाचा चेहरा दिसत नाही. उजेडात अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त आणि अंधारात कमी निघालं, तर चेहरा दिसण्याचा संबंध आहे. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे ही कसोटी थोडी बोथट होते, पण दुसऱ्या कुठल्या स्वस्त पद्धतीपेक्षा बरी.

नोंदी बिघडतात त्या भरणाऱ्याच्या हातून. टेक्सासमध्ये २०१५ मध्ये उघड झालं, की हिस्पॅनिक आडनावांच्या कितीतरी चालकांची नोंद 'गोरे' म्हणून होत होती. कनेक्टिकटमध्ये २०२३ च्या तपासणीत राज्य पोलिसांच्या हजारो नोंदी संशयास्पद निघाल्या. नंतरच्या स्वतंत्र चौकशीत बहुतेक चुका हलगर्जीपणाच्या ठरल्या, पण हलगर्जीपणानेही आकडे तितकेच नासतात. म्हणून नोंदींच्या ठरावात कॅमेऱ्याच्या चित्रणाशी नमुना पडताळणी दर तिमाहीला, आणि ती पोलीस खात्याबाहेरच्या माणसाकडून, असं लिहून घ्यावं.

कारणांची यादी: फिलाडेल्फिया की व्हर्जिनिया

एकच मागणी करता येणार असेल तर ती ही करावी. इथे पोलिसाचं मन बदलायची वाट पाहावी लागत नाही, थेट निमित्तच काढून घेतलं जातं.

फिलाडेल्फियाचा शहर-नियम मार्च २०२२ पासून लागू आहे. आठ किरकोळ बाबींसाठी गाडी थांबवायची नाही. त्यांत एकच हेडलाइट किंवा टेललाइट बंद असणं, बंपरला किरकोळ इजा, तपासणीचं स्टिकर नसणं, नोंदणीची मुदत संपून साठ दिवस झालेले नसणं आणि आरशाला काही टांगलेलं असणं हे येतं. नियम मोडलाच आहे, तर दंडाची चिठ्ठी गाडीवर लावा किंवा टपालाने पाठवा. आरशाला टांगण्याची बाब तर आपल्याकडे घराघरातली आहे. नवी गाडी घेतली की आरशाला छोटा गणपती, रुद्राक्षाची माळ किंवा दसऱ्याचं तोरण लटकतंच, आणि अनेक राज्यांत तेवढं कारण गाडी थांबवायला पुरतं.

व्हर्जिनियाचा नियम राज्याचा, मार्च २०२१ पासूनचा. यादी जवळपास तशीच, वर काळ्या काचा आणि गांजाचा वास. नोंदणीची मुदत संपली असेल तर चौथ्या महिन्याच्या पहिल्या तारखेआधी थांबवायचं नाही. पण खरा फरक पुढे आहे. हा नियम मोडून गाडी अडवली तर जे सापडेल ते न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चालकाने झडतीला 'हो' म्हटलेलं असलं तरी नाही.

फिलाडेल्फियात नियम मोडणाऱ्या पोलिसावर खातं कारवाई करू शकतं, खटला मात्र पुढे चालू राहू शकतो. शहराला बहुधा पुरावा बाद करायचा अधिकार नसतो, तो राज्याला असतो. म्हणून परिणामाच्या दृष्टीने व्हर्जिनिया सरस, आणि सहा महिन्यांत मिळण्याच्या दृष्टीने फिलाडेल्फिया. गावपातळीवर मागत असाल तर शिस्तभंगाची कारवाई ठरावात शब्दाने लिहिलेली हवी, 'योग्य ती कार्यवाही' असं मोघम नको.

"मग अपघात वाढतील," हा आक्षेप येणारच. त्याला उत्तर नॉर्थ कॅरोलायनातलं फेएटव्हिल आहे. तिथल्या चीफनी २०१३ ते २०१६ या काळात पोलिसांचा वेळ कागदपत्रांच्या चुकांवरून काढून वेग, सिग्नल तोडणं आणि दारू पिऊन चालवणं यांवर लावला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपघातांतली हानीही घटलेली दिसली आणि वांशिक तफावतही. उणीव इतकीच, की तो चीफचा आदेश होता. खुर्ची बदलली की आदेश बदलू शकतो. कौन्सिलचा ठराव जास्त टिकतो.

यादी लिहिताना दोन चुका होतात. एक दिवा बंद आणि सगळे दिवे बंद यांत फरक न केल्याने रात्री बिनदिव्याची गाडी सुटते, आणि मग अख्खा नियम बदनाम होतो. दुसरी चूक, पळवाट मोजायची सोय न ठेवणं. टेललाइटचं कारण बंद झालं की 'लेनमधून किंचित सरकला' हे कारण वाढायला लागतं. नियमाआधीचे बारा महिने आणि नंतरचे बारा महिने, प्रत्येक कारणाचे आकडे शेजारी ठेवले की ते लगेच उघडं पडतं.

संमतीची झडती

प्रसंग ठरलेला असतो. पोलीस लायसन्स परत देतो, वॉर्निंगचा कागद हातात ठेवतो, वळल्यासारखं करतो आणि सहज विचारतो, "जाता जाता, गाडीत एक नजर टाकली तर चालेल ना?" मागच्या सीटवर मुलं, समोर लाल-निळे दिवे. नकार देता येतो हे सांगायला पोलीस बांधील नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्येच ठरवलं. आपल्याकडची माणसं मान राखायच्या सवयीने 'हो' म्हणतात.

यावर दोन उपाय आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमने २०१४ मध्ये झडतीसाठी लेखी संमती सक्तीची केली. कागदावर सही करायची वेळ आली की माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात नकार सुचतो. न्यू जर्सीने याच्या पुढचं पाऊल उचललं. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये 'कार्टी' खटल्यात सांगितलं, की वाजवी आणि शब्दांत मांडता येईल असा संशय असल्याशिवाय पोलिसाने संमती मागायचीच नाही. लेखी कागद चालकावर भार टाकतो, कार्टीचा नियम पोलिसावर टाकतो, म्हणून तोच चांगला. अमली पदार्थ हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्याच्या बाबतीत देशभर एक आधार आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या 'रॉड्रिगेझ' निकालानुसार दंडाचं काम संपल्यावर संशयाशिवाय कुत्रा येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही. त्या खटल्यात वाद होता अवघ्या सात-आठ मिनिटांचा. नोंदीत मिनिटांचा रकाना हवा तो यासाठीच.

माणसाऐवजी कॅमेरा

वेगाच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, पण तो कुठे लावायचा हे माणूसच ठरवतो. शिकागोत २०१५ ते २०१९ च्या आकड्यांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांतल्या घरांना गोऱ्या वस्त्यांच्या साधारण दुप्पट दराने दंड गेले. चार-पाच पदरी रुंद रस्ते त्याच वस्त्यांतून जातात, आणि तिथे गाडी आपोआप वेगात जाते. तरीही दंडाच्या चिठ्ठीतून कोणी गोळी झाडत नाही, हा फरक लहान नाही. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये सहा शहरांना परवानगी देताना दंड पन्नास डॉलरपासून ठेवला आणि कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत दिली. कॅमेरे मागायचेच असतील तर ही सवलत धरूनच. बिनहत्यारी नागरी कर्मचाऱ्यांकडे वाहतूक सोपवायचं कॅलिफोर्नियातल्याच बर्कली शहराने २०२० मध्ये ठरवलं, पण राज्याच्या वाहन कायद्यात ते अडकलं.

तुमच्या राज्यात काय शक्य आहे

ठराव मागण्याआधी राज्याचा कायदा पाहावा. टेनेसीतल्या मेम्फिस शहराने २०२३ मध्ये किरकोळ कारणांसाठी गाडी अडवण्यावर बंदी आणली, आणि २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती रद्द करून टाकली. अशा राज्यात नोंदी, लेखी संमती आणि चीफचा आदेश एवढंच हाताशी उरतं. मिनेसोटातल्या 'लाइट्स ऑन'सारखी योजना मात्र कुठेही चालते. तिथे पोलीस दंडाऐवजी दिवा दुरुस्त करायचं कूपन देतात.

कॅलिफोर्नियात नोंदी आणि कारण सांगण्याचा नियम दोन्ही आधीच आहेत, तेव्हा तिथली तीन मिनिटं यादीसाठी वापरावीत. न्यू जर्सीत कार्टीचा नियम आहे, यादी नाही. शिवाय तिथे एक जुना धडा आहे. टर्नपाइक या टोलच्या महामार्गावरच्या भेदभावानंतर राज्य पोलीस १९९९ पासून दशकभर न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. २००९ मध्ये देखरेख उठली. त्यानंतरच्या साठ लाखांहून जास्त स्टॉपचं विश्लेषण २०२३ मध्ये बाहेर आलं, आणि तफावत तशीच होती. अहवाल आल्यावर राज्य पोलिसांनी दंड करणंच एकाएकी कमी केलं, इतकं की राज्याच्या ॲटर्नी जनरलना (मुख्य कायदा अधिकाऱ्याला) चौकशी लावावी लागली. म्हणून ठरावात वेग आणि दारूच्या कारवाईचे मासिक आकडे प्रसिद्ध करायचं कलम आधीच घालावं.

बैठकीच्या दोन आठवडे आधी सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली गेल्या बारा महिन्यांतल्या स्टॉपची यादी लेखी मागवा, कारण आणि झडतीचा आधार या रकान्यांसकट. ती न मिळाल्यास मागितल्याची तारीख आणि मिळालेलं उत्तर कौन्सिलपुढे वाचून दाखवा, म्हणजे ते बैठकीच्या इतिवृत्तात जाईल.