सात महिने गुडघ्यावर निळी पट्टी: टेपिंगचा माझा अनुभव

उजवा गुडघा जानेवारीत कुरकुरायला लागला. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळत चढताना काही नाही, पण उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या वळणापासून वाटीच्या मागे ठणका. पुढे बँकेत काउंटरवर तासभर बसून उठलं तरी तेच, आणि जिना उतरताना हात आपोआप कठड्याकडे. सूज नाही, गुडघा अडकत नाही, एक्स-रे साफ. सासूबाईंचं निदान तयारच होतं: "वाटी झिजली, आता पुरे झालं ते पळणं." फिजिओने नाव सांगितलं पॅटेलोफेमोरल पेन, म्हणजे पळणाऱ्यांच्या भाषेत रनर्स नी. झीज वगैरे काही नाही, म्हणाली. वाटीमागच्या सांध्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडतोय, आणि मांडी नि खुबा तो भार उचलायला कमी पडताहेत.

तिच्याकडे जाण्याआधी मी एक शहाणपणा केला होता. ऑनलाइन 450 रुपयांचा निळा कायनेसिओलॉजी टेपचा, म्हणजे दुखऱ्या जागी त्वचेवर चिकटवायच्या लवचिक पट्टीचा, रोल मागवला, व्हिडिओ बघितला आणि टेप ताणून ताणून लावली. जितकी घट्ट तितकी गुणकारी, असा हिशोब. तोही वॅक्सिंगच्या दुसऱ्या दिवशी! रात्रीपर्यंत दोन्ही टोकांशी खाज, सकाळी फोड. आठवडाभर मग त्या जागी काहीच लावता आलं नाही.

फिजिओने ते फोड बघितले आणि हसत म्हणाली, "ताई, टोकं ओढायची नसतात." मग टेप कशी लावायची ते तिने दाखवलं. त्वचा आधी कोरडी, तेलाचा किंवा बामचा थेंबही नको. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करायचे, नाहीतर ते चादरीला नि सलवारीला अडकून सुटतात. गुडघा काटकोनात वाकवायचा. पहिली तीन बोटं लांबी अजिबात न ताणता मांडीवर चिकटवायची, मधला भाग हलकासा ताणून वाटीच्या कडेने कंसासारखा वळवायचा आणि शेवटची तीन बोटं पुन्हा ढिली सोडायची. दुसरी पट्टी तशीच पलीकडच्या बाजूने, तिसरी छोटी वाटीच्या खाली आडवी. शेवटी तळहाताने अर्धा मिनिट जोरात चोळायचं, कारण यातला गोंद उबेने धरतो. हे चोळणं टाळलं की पहिल्याच आंघोळीत पट्टी हातात येते, हेही अनुभवाचे बोल. काढताना ओरबाडू नका. खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा आणि पट्टी वर खेचण्याऐवजी त्वचा खाली दाबत सोडवा.

आता मुख्य प्रश्न, फरक पडला का? पडला, आणि लगेच पडला. टेप लावायच्या आधी तिने मला एका पायरीवरून डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवायला लावली, सगळा भार उजव्या पायावर. दुखणं दहापैकी किती? मी सहा म्हणाले. टेप लावून पुन्हा तेच केलं, तर तीन. मला तर जादूच वाटली. तिला तसं वाटलं नसावं, कारण ती लगेच व्यायामाचा कागद लिहायला बसली. मी मात्र त्या कागदाकडे दोन आठवडे नीट बघितलंसुद्धा नाही. टेप होती ना!

तिसऱ्या आठवड्यात दुखणं जिथल्या तिथे. तेव्हा कुठे मी वाचायला बसले. ही लवचिक टेप केन्झो कासे या जपानी कायरोप्रॅक्टरची (हाताने मणके-सांध्यांवर उपचार करणाऱ्याची), 1970 च्या दशकातली. जगाला ती खरी दिसली 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, खेळाडूंच्या खांद्यांवर. मग 2012 च्या युरो कपच्या उपांत्य सामन्यात इटलीचा फुटबॉलपटू बालोतेल्लीने शर्ट काढला तेव्हा त्याच्या पाठीवरही निळ्या पट्ट्या होत्या. जाहिरात म्हणून याहून जास्त काय हवं? दावा असा की टेप त्वचा किंचित उचलते, तिथे सुरकुत्या पडतात, खालचं रक्ताभिसरण सुधारतं. ब्राझीलमध्ये नेमका हाच दावा तपासला गेला. जुनाट कंबरदुखीच्या 148 रुग्णांपैकी निम्म्यांना ताण देऊन, सुरकुत्या पडतील अशी टेप लावली आणि निम्म्यांना ताण न देता नुसतीच चिकटवली. 2014 साली निकाल छापून आला: चार आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच.

हे वाचून मला माझाच एक फजितीचा प्रसंग आठवला. एका रविवारी पहाटे साडेचारला, लाइट गेलेले, मी मोबाइलच्या उजेडात टेप लावली आणि धावून आले. छान गेला तो रन. घरी येऊन बघते तर आडवी पट्टी वाटीच्या खाली नाही, चांगली दोन बोटं वर, आणि एक कंस उलटाच वळलेला. तरी गुडघा खूश! मग त्या टेपने नक्की काय केलं? फिजिओचं म्हणणं, त्वचेला सतत काहीतरी जाणवत राहतं, मेंदूला धीर येतो, आपण पाय बिनधास्त टाकतो. वाटी "जागेवर बसते" यावर तिचा फारसा विश्वास नाही. गुडघ्यासाठी टेपिंगची दुसरी जुनी पद्धत आहे, ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांची 1980 च्या दशकातली. त्यात न ताणणारी कडक टेप लावून वाटी आतल्या बाजूला खेचतात. तीही तिने मला दोनदा लावून दिली. आराम थोडा जास्त वाटला, पण ती टेप घामाने लवकर निसटते आणि एकटीने लावणं मला काही जमलं नाही.

अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना या दुखण्याबद्दल सरळ बोलतात: खरा उपचार खुबा आणि गुडघ्याचे व्यायाम. टेप हवी तर त्याच्या जोडीला, तीही पहिले चारेक आठवडे. स्नायूंची ताकद वाढावी म्हणून टेप लावू नका, असंही त्यात स्पष्ट आहे. मी हे आधी वाचलं असतं तर तीनऐवजी एका रोलमध्ये भागलं असतं.

मार्चपासून मी इमानदारीने व्यायामाला लागले. कुशीवर झोपून शिंपल्यासारखा गुडघा उघडायचा, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचं, एका पायाने पायरी उतरायची, एक दिवसाआड. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. सोबत पावलं लहान आणि जलद टाकायची. घड्याळात मिनिटाला 158 पावलं दिसायची, ती हळूहळू 170 वर आणली. पावलांचा दर दहा टक्क्यांनी वाढवला तर वाटीवरचा भार साधारण 14 टक्क्यांनी घटतो, असं एका अभ्यासात मोजलेलं आहे. उतारावर याचा फायदा मला सर्वांत आधी जाणवला. मेपर्यंत जिना विसरले, म्हणजे कठडा विसरले.

तरी टेप सुटेना. दुखत नसूनही लाँग रनच्या आदल्या रात्री कात्री हातात. एकदा रोल संपलेला लक्षात आला आणि मी रन चक्क रद्द केला. नवऱ्याने विचारलं, "गुडघा दुखतोय की टेप दुखतेय?" तेव्हा राग आला होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता. शेवटी साताऱ्याच्या पावसानेच ती सवय मोडली. एरवी एकदा लावलेली टेप तीन दिवस टिकते. जुलैच्या भुरभुरीत दुसऱ्या सकाळीच कडा सुटायच्या आणि ओल्या पट्टीखाली खाज. जुलैअखेर लावणंच सोडलं. पावसाळा सरता सरता सातारा हिल हाफ मॅरेथॉन टेपशिवाय पळाले. अर्धी वाट चढ, अर्धी उतार. उतारावर ठणका एकदा जाणवला, मग गेला.

टेप घ्यायची तर घ्या. दुखणं इतकं आहे की व्यायामच होत नाही, अशा वेळी तिचा उपयोग आहे. पण पहिल्यांदा फिजिओकडून लावून घ्या, आणि नाजूक त्वचा असेल तर रुपयाएवढा तुकडा एक दिवस लावून बघा. जखमेवर किंवा पुरळावर लावू नका. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा भार टाकताच निसटत असेल तर टेपच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टर गाठा. निळ्या-गुलाबी रंगांत गुण वेगळा नसतो, दुकानदार काहीही सांगो.

तिसरा रोल अर्धा उरला होता. तो मुलाने बॅटच्या मुठीला गुंडाळलाय.