वाय-फाय, झिगबी की मॅटर? फ्लॅटची वायरिंग पक्की करण्याआधीचा हिशोब

फ्लॅटचा ताबा मिळाला, इंटिरिअरवाला मापं घेऊन गेला आणि इलेक्ट्रिशियन विचारतोय, "ऑटोमेशन करायचंय का? मग आत्ताच सांगा." दिवे-पंखे फोनवरून चालवायला बाजारात आज तीन वाटा आहेत: सगळं वाय-फायवर, झिगबी (उपकरणांचं वेगळं, कमी विजेचं बिनतारी जाळं) आणि त्याचा हब (ते जाळं राउटरशी जोडणारा डबा), किंवा मॅटर-थ्रेड (मॅटर ही सगळ्या कंपन्यांची सामायिक भाषा, थ्रेड हे झिगबीसारखंच बिनतारी जाळं). निवडताना फीचरची यादी बाजूला ठेवा आणि कोणती गोष्ट किती वर्षं टिकणार ते बघा. भिंतीतली वायर पुढच्या रंगकामापर्यंत, कदाचित त्याहीपुढे राहते. राउटर पाच-सहा वर्षांत बदलतो. अ‍ॅप मात्र कंपनीच्या मर्जीवर चालतं. पैसेही याच क्रमाने घाला.

आधी नेटवर्क: मेश की केबल

मुंबई-ठाणे-पुण्यातले बरेचसे नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. वाय-फायचा 5 गिगाहर्ट्‌झचा (वेगवान पट्ट्यातला) सिग्नल अशी एक भिंत कसाबसा पार करतो, दुसऱ्या भिंतीपाशी संपतो. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र विटांच्या) भिंती असतील तर बरंच सोपं जातं. कोकण-गोव्यातल्या जाड चिऱ्याच्या घरांत गत मायवानसारखीच.

मेश (दोन-तीन युनिट मिळून घरभर एकच वाय-फाय देणारा संच) लावायला सोपा, पण त्याचं दुसरं युनिट पहिल्याकडून जेवढं घेईल तेवढंच पुढे देणार. रेंज येत नाही त्या खोलीतच ते नेऊन ठेवणं ही नेहमीची चूक. ते अर्ध्या वाटेवर, सिग्नल चांगला आहे तिथे ठेवायचं. ड्युअल-बँड मेशमध्ये घेणं आणि देणं एकाच रेडिओवर चालतं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. 100 एमबीपीएसच्या प्लॅनला ते चालूनही जातं.

भिंती फोडलेल्या असतील तर मात्र केबलला तोड नाही. फायबरचा डबा जिथे बसणार तिथून टीव्हीमागे आणि प्रत्येक बेडरूममध्ये एकेक कॅट-6 (नेटवर्कची केबल) ओढून घ्या. टू बीएचकेला 50-60 मीटर पुरते. पाइप विजेच्या वायरपेक्षा वेगळा हवा. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. 'सीसीए' लिहिलेली म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तिचा विरोध जास्त, त्यामुळे पीओईवर, म्हणजे याच केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारं युनिट) किंवा कॅमेरा लावला की व्होल्टेज पडतं आणि केबल तापते. घर आधीच तयार असेल तर टीव्हीच्या जुन्या केबलचा पाइप बघा. ती केबल बाहेर ओढताना तिच्याच टोकाला कॅट-6 बांधली की बहुतेकदा काम होतं. आणि राउटर शोभेसाठी पत्र्याच्या बॉक्समध्ये कोंडू नका.

वाय-फाय 6 की 7? वाय-फाय 7 चं प्रमाणीकरण जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं. त्याचा खरा जोर 6 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात आहे. भारतात 5925 ते 6425 मेगाहर्ट्‌झचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये आला. या 500 मेगाहर्ट्‌झमध्ये 320 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा एकच चॅनल मावतो, शिवाय काँक्रीटपुढे हा पट्टा 5 पेक्षाही लवकर हात टेकतो. खोक्यावर '7' आणि आत 6 गिगाहर्ट्‌झ नाहीच, असेही राउटर आहेत, तेव्हा तपशील वाचूनच घ्या. 300 एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला वाय-फाय 6 पुरेसं आहे. वाचलेले पैसे केबलला लावा.

तीन वाटा

वाय-फायची उपकरणं सगळीकडे मिळतात, हब लागत नाही, सुरुवात स्वस्त. चार बल्ब आणि दोन प्लगसाठी हीच वाट योग्य. दुखणं संख्येबरोबर वाढतं. फायबरवाल्याने दिलेला राउटर तिशीच्या पुढे उपकरणं गेली की कुरकुरायला लागतो, आणि यातली बहुतेक 2.4 गिगाहर्ट्‌झवरच बोलतात. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर जोडणी अर्ध्यावर अडते. 2.4 ला वेगळं नाव द्या, त्यावर डब्ल्यूपीए2 ही सुरक्षा पद्धत ठेवा. पुढे इंटरनेटची कंपनी बदललीत तर नव्या राउटरला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, नाहीतर पंचवीस स्विच पुन्हा जोडत बसावं लागेल.

दुसरा धोका क्लाउडचा, म्हणजे उपकरण ज्यावर विसंबून असतं त्या कंपनीच्या सर्व्हरचा. रिव्हॉल्व्ह हब 2016 मध्ये निकामी झाला. इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल 2022 मध्ये पूर्वसूचनेविना बंद पडले. बेल्किनने वेमोच्या बहुतेक उपकरणांचा क्लाउड 31 जानेवारी 2026 पासून थांबवण्याचं जाहीर केलं. म्हणून कोणत्याही ब्रँडचा आधी एकच नग घ्या, राउटर चालू ठेवून फायबरची वायर काढा आणि अ‍ॅपवरून दिवा लावून बघा. नाही लागला तर उरलेले चोवीस घेऊ नका.

झिगबीला हब लागतो, पण वाय-फायवर भार येत नाही. दाराचे आणि हालचालीचे सेन्सर बटन सेलवर वर्ष-दोन वर्षं चालतात. विजेवरचं प्रत्येक उपकरण सिग्नल पुढे पोचवतं, म्हणून भिंतीवरचं बटण दाबून झिगबी बल्ब बंद केला की त्याच्या जिवावर चालणारे सेन्सरही गळतात. झिगबीही 2.4 गिगाहर्ट्‌झवरच चालतं, म्हणून राउटरचा तो बँड 1, 6 किंवा 11 यांपैकी एका चॅनलवर, 20 मेगाहर्ट्‌झ रुंदीवर ठेवा. झिगबीला 15, 20 किंवा 25 यांतला मोकळा द्या. होम असिस्टंटसाठी (घरच्याच संगणकावर चालणारं ऑटोमेशनचं सॉफ्टवेअर) झिगबीचं यूएसबी डाँगल वापरत असाल तर अर्धा-एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलवर लांब ठेवा. यूएसबी 3 च्या पोर्टचा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झवर पडतो.

मॅटरची पहिली आवृत्ती ऑक्टोबर 2022 मध्ये आली. अ‍ॅपल, गूगल, अ‍ॅमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि एकच स्विच दोन-तीन अ‍ॅपमध्ये एकाच वेळी जोडता येतो. बाजार याच दिशेने चाललाय: झिगबीवर उभ्या असलेल्या आयकियाने नोव्हेंबर 2025 मध्ये 21 नवी उपकरणं थ्रेडवरच्या मॅटरची आणली. पण 'मॅटर' म्हणजे थ्रेड असं नाही. मॅटरचे अनेक स्विच आणि प्लग वाय-फायवरच चालतात, म्हणजे संख्येची अडचण तशीच राहते. थ्रेडला बॉर्डर राउटर, म्हणजे त्याचं जाळं घरच्या नेटवर्कशी जोडणारं उपकरण, लागतो. अ‍ॅपलचा होमपॉड मिनी किंवा गूगलचा दुसऱ्या पिढीचा नेस्ट हब ते काम करतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर आपापली वेगळी जाळी विणतात, हे दुखणं सप्टेंबर 2024 च्या थ्रेड 1.4 मध्ये हाताळलंय. खोक्यावर ती आवृत्ती शोधा. उपकरणावरच्या 11 आकडी कोडचा फोटो काढून ठेवा. स्विच भिंतीत गेला की तो कोड दिसत नाही.

आज घ्यायचं तर सेन्सर झिगबीचे, आणि हब असा की जो ते मॅटरमध्ये पुढे देऊ शकेल. निव्वळ थ्रेडवर घर उभारण्याची घाई मी करणार नाही.

स्विचबोर्डात काय अडतं

वाट कोणतीही घ्या, घोडं इथेच अडतं. स्मार्ट मॉड्यूलला (स्विचमागे बसणाऱ्या छोट्या यंत्राला) न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, हवा. ज्या बोर्डवर 6 अँपिअरचं सॉकेट आहे तिथे तो असतोच. पलंगाजवळच्या टू-वे स्विचला आणि नुसत्या दिव्यांच्या बोर्डला बहुधा नसतो. इलेक्ट्रिशियनला प्रत्येक बोर्डमध्ये न्यूट्रल टाकायला आत्ताच सांगा, आणि तो त्याच सर्किटचा हवा. इन्व्हर्टरच्या फेजवरच्या मॉड्यूलला दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना दिला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिप होत राहतो. बिनान्यूट्रलचं मॉड्यूल लावलं तर त्याची थोडी वीज दिव्यातूनच जाते, म्हणून बंद एलईडी मंद चमकतो. त्यावर दिव्यापाशी बायपास कपॅसिटर लावतात.

पंख्याला दिव्याचा डिमर लावू नका, घूं घूं करतो. कपॅसिटरवर टप्पे देणारं मॉड्यूलच लावा. गीझरला 16 अँपिअरचं: 3 किलोवॅटचा गीझर 13 अँपिअर ओढतो, 10 चा रिले (मॉड्यूलमधला आतला स्विच) त्यावर चिकटतो. स्विचबोर्डाच्या पत्र्याच्या खोक्यात सिग्नल दबतो, प्लास्टिकचं खोकं आणि थोडी जास्त खोली हवी.

गुरुवारी वीज जाणाऱ्या पुण्यात फायबरचा डबा, राउटर आणि हब तिन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर 12 व्होल्टचा मिनी यूपीएस चालतो, मात्र तिन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर बेरीज करून पाहा. बल्बमध्ये 'वीज परतल्यावर' हे सेटिंग 'आधीच्या स्थितीत' करा, नाहीतर रात्री दोनला वीज आली की सगळं घर उजळेल.

भाड्याच्या घरात स्विचबोर्डला हात लावू नका. प्लग, बल्ब आणि एसीसाठी इन्फ्रारेड रिमोट एवढंच घ्या. घर सोडताना ते काढून नेता येतं.