लंडनमध्ये '१९६१ ची वाईन' म्हणून आम्हाला काय पाजलं ते वाचा

मंडळी, जन्मसालाची जुनी रेड वाईन चाखायला कुणी बोलवत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा, लंडनमधल्या आपल्या लोकांनी तर नक्कीच.

मोठे भाऊजी पुण्याहून आले होते, त्यांची एकसष्टी, जन्म १९६१ चा, आणि फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाईनचं १९६१ म्हणजे गेल्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या सालांपैकी एक, म्हणून यांनी एका खाजगी टेस्टिंगच्या जागा घेतल्या. माणशी १९५ पौंड. बोर्डोतल्या शातो लाफीत या नामांकित वाईनरीची १९६१, १९७० आणि १९८२ ची वाईन. कार्ड चालत नाही, बँक ट्रान्सफरच करा असं त्या माणसाने आधीच सांगितलं होतं, आणि तेच पुढे नडलं.

गेलो तर वाईन आधीच डिकँटरमध्ये (काचेच्या सुरईत) भरून ठेवलेली आणि रिकाम्या बाटल्या शेजारी, फोटोसाठी. म्हणे गाळ असतो म्हणून दोन तास आधीच आत ओतून आणलं. मी इथे डब्ल्यूएसईटीचं (वाईनचे कोर्स घेणारी संस्था) लेव्हल ३ केलंय, त्यामुळे तिथेच खटकलं. गाळ असतो हे खरं, पण साठ वर्षांची वाईन हवेत फार वेळ टिकत नाही, वास उडून जातो, म्हणून ती प्यायच्या जरा आधी, बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती नाहीतर टॉर्च धरून, पाहुण्यांसमोर ओततात.

मग ग्लास हातात आला. रंग कोकमाच्या आगळासारखा, अगदी कडेपर्यंत गडद जांभळट. इतक्या जुन्या वाईनचा रंग आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरट घटक) वर्षानुवर्षं एकत्र होऊन गाळात बसत जातात, त्यामुळे ग्लास तिरका केला की कडेला विटकरी झाक दिसायला हवी आणि वास चामडं, तंबाखू, सुकलेला पाला असा यायला हवा. इथे ब्लॅकबेरीचा जॅम आणि व्हॅनिला, आणि घोट घेतला की हिरड्या कोरड्या पडत होत्या. सरळसरळ तरुण वाईन!

मी बुचं मागितली. टाळाटाळ करून आणली एकदाची. पांढरट, लवचिक, फक्त टोकाला जरासा रंग, आणि ना शातोचं नाव ना साल. रीकॉर्क केल्यात, म्हणजे जुनं बूच काढून नवं बसवलंय, म्हणाला, पण शातोने रीकॉर्क केलं तर नव्या बुचावरही सहसा तसं छापलेलं असतं. बाटलीच्या तोंडावरची कॅप्सूल, म्हणजे बुचावरचं धातूचं आवरण, उचलून बघितली तर हलकी, ॲल्युमिनियमची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या शिशाच्या असायच्या, जड आणि मऊ, बोटाने दाबल्या की वाकणाऱ्या.

पण सगळ्यात मोठी खूण वेगळीच. एका बाईंनी १९६१ ची रिकामी बाटली आठवण म्हणून मागितली, पैसे द्यायलाही तयार होत्या, तर साफ नाही म्हणाला आणि तिन्ही बाटल्या कपड्यात गुंडाळून खोक्यात भरल्या. का ते कळलं ना? अमेरिकेत नकली जुन्या वाईन विकणारा रूडी कुर्नियावान पकडला गेला २०१२ मध्ये, तोही न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटमधून रिकाम्या बाटल्या मागवून घ्यायचा, घरात लेबलं आणि बुचं सापडली, २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. खरी बाटली, खरं लेबल, आत दुसरीच दारू.

भाऊजी बिचारे खुशीत होते, त्यांना त्या संध्याकाळी काही बोललो नाही, पण माझा जीव नुसता जळत होता. दुसऱ्या दिवशी पैसे परत मागितले तर आमचा नंबर ब्लॉक. क्रेडिट कार्ड असतं तर १०० पौंडांच्या वरच्या खरेदीवर इथल्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या सेक्शन ७५ खाली बँकेकडे दाद मागता आली असती, ट्रान्सफरला ते लागूच नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (ग्राहकांच्या फसवणुकीची चौकशी करणारं सरकारी खातं) तक्रार टाकलीय.

तुम्ही जाल तिथे बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा, बूच हातात घेऊन त्यावरचं नाव आणि साल वाचा, आणि बाटली तुमची असेल तर संपल्यावर लेबलवर मार्करने मोठी फुली मारूनच टाका. आणि तिन्ही सालांची हीच यादी आणि हाच १९५ चा रेट घेऊन कुणी बोलावलं असेल तर आधी मला मेसेज करा, ट्रान्सफर करू नका.