कार्ने कोन पापास: पातेल्यात की कुकरमध्ये?

क्यूबात घरोघरी होणारा हा गोमांस-बटाट्याचा रस्सा. सुरुवात दोन्हीकडे सारखीच. कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि लसूण तेलात परतायचं. याला तिथे सोफ्रितो म्हणतात. त्यात जिरेपूड, ओरेगानो, तमालपत्र, टोमॅटोची प्युरी आणि थोडी पांढरी वाइन. फरक पुढे पडतो.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर मांस शिजायला दीड-दोन तास सहज जातात. पण झाकण उघडून रस चाखता येतो, आटवता येतो. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात टाकायचे. त्यांच्या कडा जराशा विरघळल्या की रस्सा आपोआप दाटतो आणि चमच्याच्या पाठीला धरून राहतो. ती गोडी मला कुकरमध्ये पूर्ण कधीच मिळाली नाही.

कुकरच्या आत तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे चिवट तुकडेही पाऊण तासात मऊ होतात. मात्र बटाटे मांसाबरोबर घातले तर लगदा ठरलेला! आधी मांस शिजवा, वाफ जिरू द्या, मग बटाटे घालून झाकणाशिवाय वीसेक मिनिटं उकळा.

कुकर परका मात्र समजू नका. 2005 मध्ये क्यूबाच्या सरकारनेच ऊर्जाबचतीसाठी घरोघरी स्वस्तात कुकर द्यायला सुरुवात केली. गोमांस तिथे दुर्मिळच. हाती येईल तो तुकडा शिजवायला कुकरचाच आधार.

हिरवी ऑलिव्ह दोन्हीत उतरवण्याआधी घाला, आणि सोबत पांढरा भात हवाच.